कॅबिनेटवर फोडलेला नारळ

बुद्धभूषण कामथडीचा. भोरमधल्या एका शिक्षणसंस्थेचे सगळे सर्व्हर त्याच्या ताब्यात असतात. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पुण्याच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्या या माणसानं स्वतःहून भोरला बदली मागितली, तेव्हा कंपनीतल्या लोकांना वाटलं, आईच्या ओढीनं चालला असेल. त्यानं त्यांना तसंच वाटू दिलं. खरं तर तो साहेबरावांसाठी आला होता.

डिप्लोमा झाल्यावर त्याची पहिली नोकरी याच संस्थेत होती. तेव्हा एकच सर्व्हर होता, ऑफिसमागच्या खोलीत, लोखंडी कॅबिनेटमध्ये. प्रवेश, हजेरी, गुण, सगळं त्याच्यात. बुद्धभूषण दर आठवड्याला त्याचा बॅकप एका डिस्कवर घ्यायचा आणि ती डिस्क पलीकडच्या इमारतीत, लायब्ररीच्या कपाटात ठेवायचा. आग लागली, पाणी शिरलं, तर एक तरी वाचावं म्हणून. कपाटाची चावी शिपाई गेनबाकडे असायची. बुद्धभूषणनं त्याला समजावून सांगितलं होतं, ‘मामा, या डिस्कमधी सर्व्हरचा जीव हाय, जपा.’ गेनबाला ते इतकं पटलं, की तो डिस्क दोन्ही हातांनी उचलायचा.

त्या वर्षी बुद्धभूषण दसऱ्याला आई रतनबाईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. रजेच्या अर्जावर रजिस्ट्रार साहेबरावांचीच सही होती. जायच्या आधी त्यानं बॅकप घेऊन डिस्क कपाटात ठेवली.

साहेबराव भोंगवलीचे बागायतदार. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं धुऊनपुसून पुजतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. साहेबरावांच्या वाड्यावर ट्रॅक्टर पुजायचा आणि नारळ त्याच्या बंपरवरच फोडायचा, अशी रीत. ऑफिसातली यंत्रंही तशीच पुजायची, असं त्यांनी ठरवलं. सर्व्हरला विश्रांती म्हणून त्यांनी बटण बंद केलं. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, हळदकुंकू लावलं. यंत्राची पूजा करायची तर त्याचा जीव का मागं ठेवायचा, म्हणून गेनबानं लायब्ररीतून डिस्क आणून ताम्हनात ठेवली, ताम्हन कॅबिनेटच्या पायाशी. साहेबरावांनी कॅबिनेटच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी जाळीतून आत गेलं, उरलेलं ताम्हनात पडलं. मग मुहूर्तापुरतं एकदा चालवून बघायचं म्हणून सगळं ओलं असतानाच चालू केलं. डिस्कही जोडली. तिलाही चालू करायला नको का?

सर्व्हरमधून जळका वास आला आणि डिस्क दोनदा टकटक करून गप्प झाली.

बुद्धभूषण परत आला तेव्हा कॅन्टीनच्या मागं गेनबानं रडत रडत त्याला हे सगळं सांगितलं. संचालकांच्या बैठकीत मात्र गेनबा पाण्याचे ग्लास ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या मुलाची नेमणूक साहेबरावांच्या हातात होती. साहेबराव शांतपणे म्हणाले, की सिस्टीमवाल्यांनी बॅकप घेतलाच नव्हता, रजेची घाई होती. नारळाचा विषयच निघाला नाही. बुद्धभूषणनं काढला, तेव्हा साहेबराव संचालकांकडे बघून हसले.

“ज्यांना देवाधर्माचं वावडं, त्यांना पूजेतच दोष दिसणार.”

दोघंतिघं हसले. त्याच बैठकीत त्याला काढलं.

नोकरी गेली त्याहून जास्त त्याला हे लागलं, की तालुकाभर तो ‘कॉलेज बुडवणारा’ झाला. मुलांचे गुण कागदावरून पुन्हा चढवताना प्रत्येक कारकुनानं त्याचं नाव घेतलं. नसरापूरच्या बाजारात एका बाईनं रतनबाईला तोंडावर विचारलं, की तुमच्या पोराला मशीन चालवायला देतं तरी कोण. रतनबाई भाजी तशीच टाकून घरी आली. नातेवाईक म्हणाले, जाऊ दे, माणसं विसरतात. रतनबाई म्हणाली, “त्यो आपल्या तोंडानं सगळ्यांम्होरं बोलल तवाच सोडायचं. त्याआधी न्हाई.”

बुद्धभूषणनं तेच धरून ठेवलं. पुण्यात पाळीवर टेक्निशियन म्हणून लागला. इतरांनी टाळलेली कामं घेतली, जुन्या सिस्टीमचं नव्यावर स्थलांतर, बंद पडलेलं उभं करणं, आणि सगळ्यात कंटाळवाणं, बॅकप खरंच परत येतो का ते तपासत राहणं. या कामात माणसं चारपाच वर्षांत कंटाळून प्रोग्रॅमर नाहीतर मॅनेजर होतात. तो सर्व्हर सांभाळणारा अ‍ॅडमिनच राहिला, पण असा, की अवघड जागी त्याच्याशिवाय कुणाला पाठवता येईना. परीक्षा देताना, प्रमाणपत्र हातात पडताना त्याला आनंद व्हायचा का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “आनंद कसला? साहेबरावांचं तोंड दिसायचं. मग पुढची परीक्षा.”

संस्था वाढली. चार कॉलेजं झाली आणि सर्व्हर सांभाळायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं. भोरला जायला कुणी तयार नव्हतं. त्यानं हात वर केला.

साहेबराव आता संस्थेचे सचिव होते. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. बुद्धभूषणनंही नमस्कार केला. मग तो कामाला लागला, सगळं नियमानं. सर्व्हरच्या खोलीची साहेबरावांकडची चावी कंपनीच्या नियमाप्रमाणे परत घेतली. त्यांच्या कॉम्प्युटरवरचे जादा अधिकार काढले. पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदलायचा नियम सगळ्यांना लावला. साहेबरावांना नवा पासवर्ड कधी लक्षात राहायचा नाही. मग वरच्या मजल्यावरून खाली येऊन, विद्यार्थ्यांच्या रांगेत उभं राहून त्यांना तो बदलून घ्यावा लागायचा. त्यांचा नंबर आला की बुद्धभूषण मान वर न करता विचारायचा, नाव? ओळखपत्र?

शेजारच्या टेबलावरची गायत्री एकदा म्हणाली, “भूषणदादा, अहो सचिव आहेत ते. तुम्ही त्यांना ओळखत नाही होय?”

“चांगला ओळखतो,” बुद्धभूषण म्हणाला. “म्हणून तर विचारतो.”

एवढ्यानं त्याचं भागत नव्हतं. साहेबराव चिडायचे, पण बोलायचे काहीच नाहीत. अशी वर्षं गेली. गेल्या जूनमध्ये संस्थेनं नवी सर्व्हररूम बांधली. उद्घाटनाला अध्यक्ष प्रेरणाताई, जुने संचालक, चारही कॉलेजांचे शिक्षक आणि कारकून. नारळ सचिवांनी फोडायचा, असं ठरलं. ते बुद्धभूषणनंच सुचवलं होतं. निवृत्त झालेल्या गेनबाला त्यानं स्वतः जाऊन आमंत्रण दिलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

प्रवेशाचे दिवस होते, सर्व्हर चालू होता. पुण्याच्या केंद्रात दर तासाला त्याची नक्कल जात होती. हे फक्त बुद्धभूषणला माहीत होतं.

त्यानं कॅबिनेटचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. साहेबराव नारळ घेऊन आले आणि उंबऱ्यापाशी वाकले.

“तिथं नाही सर,” बुद्धभूषण म्हणाला. “इथं. कॅबिनेटवर.”

साहेबराव हसल्यासारखं करून म्हणाले, की उंबऱ्यावर फोडला तरी चालतो. बुद्धभूषण म्हणाला, यंत्राचा नारळ यंत्रावरच, ही तुमचीच रीत. जुना सर्व्हर जळाला तेव्हा प्रेरणाताई शिकायला बाहेर होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, “फोडा की काका, मुलं खोळंबलीत.”

साहेबरावांनी हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. चालू यंत्राचे हिरवे दिवे त्यांच्या सदऱ्यावर पडले होते. त्यांच्या लेखी, फोडला तर अध्यक्षांसमोर चार कॉलेजांचे प्रवेश त्यांच्या हातानं जाणार होते.

“पाणी आत जाईल,” ते शेवटी म्हणाले.

“गेलं तर काय होतं?”

“बंद पडतं.”

“कशावरून?”

प्रेरणाताई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेबरावांनी पहिल्या रांगेत गेनबाकडे पाहिलं. गेनबा पायांकडे बघत होता.

“मागं एकदा पडलं होतं.”

“नारळ कुणी फोडला होता?”

“म्या,” साहेबराव म्हणाले. ऑफिसात ते असं कधी बोलत नसत.

“आणि बॅकपची डिस्क?”

“घेतलेला होता बॅकप. डिस्कबी तितंच ठिवलेली. भिजली.”

बुद्धभूषणनं टेबलावरचा माईक उचलून त्यांच्यापुढं धरला. “मागच्यांना ऐकू आलं नाही, सर.”

साहेबरावांनी पुन्हा सांगितलं. सगळं, नारळापासून बैठकीपर्यंत. कारकुनांच्या रांगेतून कुणीतरी “अगं आई” म्हणालं. सांगून झाल्यावर साहेबरावांनी झालं गेलं सोडून देऊ म्हणून हात पुढं केला. बुद्धभूषणनं त्यांच्या दुसऱ्या हातातला नारळ तेवढा काढून घेतला आणि बाहेर पायरीवर ठेवून दिला. तो शेवटी प्रेरणाताईंनीच फोडला.

लोक पांगल्यावर गेनबा काठी टेकत त्याच्यापाशी आला. डोळे पुसले आणि विचारलं, “भूषणा, माझ्यावर अजून राग हाय का रं?”

“हाय, मामा.”

एसटीची वेळ झाली म्हणून गेनबा निघाला. बुद्धभूषणनं सर्व्हररूमचं दार लावून घेतलं. त्या महिन्यात कंपनीनं त्याला पुण्याला बढतीवर बोलावलं. त्यानं कळवलं, सचिव निवृत्त होईपर्यंत जमणार नाही.