पक्षी गेल्यावर दहा मिनिटे

सहलीच्या शेवटच्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही आठ जण आणि आमचा गाईड त्या लपणात जाऊन बसलो. लपण म्हणजे माळाच्या कडेला उभी केलेली लाकडी खोली. समोरच्या भिंतीत वीतभर उंचीच्या फटी, त्यांवर काळे कापड, बसायला एक लांब बाक आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड झाकणाची बादली. दुपारी विमान होते. ज्या पक्ष्यासाठी आलो तो आधीच्या तीन पहाटी दिसला नव्हता, म्हणून गाईडने ही चौथी पहाट काढून दिली होती.

गाईड पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितले होते. पक्षी माळावर उतरले की शेवटचा पक्षी उडून जाईपर्यंत दार उघडायचे नाही. तो गेल्यावरही दहा मिनिटे थांबायचे, कारण एखादा गवतात बसून राहिलेला असतो. माणूस दिसला तर हे पक्षी जागा सोडतात आणि कधी कधी पुन्हा येतच नाहीत. तसे झाले तर वनखाते लपण बंद करते.

आमच्यात एक विमा एजंट होते, त्यांना सगळे विमावाले म्हणत. ते तेव्हा म्हणाले होते, "मी एक मिनिट बाहेर जाऊन येतो."

"बादली आहे."

"अहो, सवय नाही त्याची."

"लागेल साहेब. सहा दिवस आहेत."

तेव्हापासून विमावाल्यांनी त्याचे नाव हेडमास्तर ठेवले. तो हसला नाही, पण रागावलाही नाही.

त्याच्या घरची गोष्ट आम्हाला तिसऱ्या दिवशी कळली. दुर्बिणीची काच पुसायला त्याने खिशातून फडके काढले, त्याबरोबर गॅसच्या शेगडीची चार काळी बटणे गवतात पडली. माझ्या पत्नीने ती उचलून दिली आणि सरळ विचारले, "दादा, ही खिशात घेऊन फिरता?"

"आई घरी एकटी असते ताई. शेगडी पेटवते आणि विसरते."

पुढचे तिने थोडे थोडे काढून घेतले. हा माणूस बावीस वर्षे लाकडाच्या वखारीत कोठार सांभाळत होता. पक्ष्यांचा नाद सुट्टीच्या दिवसापुरता. वखार बंद झाली आणि नादच पोटाचा धंदा झाला. त्याच सुमारास आईचे विसरणे सुरू झाले. तिने चाळीस वर्षे हॉटेलांचे पडदे शिवले होते. धाकटा भाऊ मोठ्या शहरात असतो, दर रविवारी फोन करून सल्ला देतो. त्याच्या सल्ल्याने आईला वृद्धाश्रमातही ठेवून पाहिले. चार दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी हा घेऊन आला. नंतर एकदा थंडीच्या सकाळी ती घरातल्या चपला घालून बसस्थानकापर्यंत चालत गेली. त्या दिवसापासून पहाटे निघताना तो बाहेरून कुलूप लावतो. आठ वाजता शेजारीण येते, तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. तोवर आई बहुधा झोपलेली असते.

"आणि उठलीच तर?" पत्नीने विचारले.

"तर दार शोधते."

शेवटच्या पहाटे मात्र पक्षी आले. आधी आवाज आला, बाटलीतून पाणी ओतल्यासारखा. मग उजाडता उजाडता नऊ काळे नर दिसले, शेपट्या पंख्यासारख्या उघडून एकमेकांसमोर गोल फिरणारे. आमच्यातली दातांची डॉक्टर या एका फोटोसाठी दोन वर्षे पैसे साठवून आली होती. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला तो काढलाच नाही. विमावालेसुद्धा अर्धा तास फटीला डोळा लावून होते.

सात वाजून दहा मिनिटांनी गाईडच्या खिशात फोन थरथरला. आमचे फोन बंद असत, त्याचा आईसाठी चालू असे, तेही त्याने आधीच सांगितले होते. त्याने वाचले आणि बाकावर तसाच ठेवला. मी शेजारी बसलो होतो, मजकूर दिसला. शेजारणीच्या बहिणीला दवाखान्यात नेले होते, म्हणून शेजारीण तिकडे निघाली होती. आठला येता येणार नाही. खिडकीतून पाहिले, आई झोपली आहे, तू साडेसातला मोकळा होतोसच.

एरवी साडेसातपर्यंत पक्षी निघून जातात, हे त्याने आम्हालाही सांगितले होते. त्या दिवशी साडेसातला दोन माद्या माळावर उतरल्या आणि नरांना नव्याने जोर चढला.

आठ वाजले. सव्वाआठ. गाईड फटीतून पक्षी पाहत नव्हता, घड्याळही पाहत नव्हता. दाराच्या कडीकडे पाहत होता. ती त्याच्या हातापासून चार फुटांवर होती. साडेआठला पत्नी वाकून कुजबुजली, "दादा, तुम्ही जा. आमच्यातलं कोणी कुठे बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलणार ताई. पण ते नऊ जण?" त्याने फटीकडे मान केली. "ते एकदा गेले तर मी आईला खायला काय घालू?"

डॉक्टर कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाली, "माझे फोटो झालेत."

"अजून उडतानाचा नाही मिळाला तुम्हाला. काल सांगत होतात."

"नको मला तो."

"बसा ताई."

विमावाल्यांनी पडद्यामागे जाऊन बादली वापरली आणि परत येऊन त्याच्या शेजारी सरकून बसले. "हेडमास्तर, गॅसची बटणं आहेत ना खिशात?"

"आहेत."

"सुऱ्या?"

"कपाटात, कुलपात."

"मग काय करणार आहे म्हातारी? बसेल."

"बसत नाही ना साहेब. तीच तर गोष्ट आहे."

पुढचा तास कसा गेला ते सांगता येत नाही. बाहेर ज्याच्यासाठी हजारो मैल आलो ते चालले होते, आणि आतले आम्ही सगळे ते कधी संपते याची वाट पाहत होतो. पाय आखडले होते. कोणी हालले की बाक करकरायचा आणि गाईडचा हात सवयीने वर जायचा, गप्प बसा म्हणून.

दहाला पाच कमी असताना वरून घारीएवढी सावली सरकली आणि सगळा माळ एकदम उठला. डॉक्टरच्या कॅमेऱ्याची कटकट ऐकू आली. मग काहीच नाही, नुसते गवत.

आम्ही उभे राहिलो. गाईड बसूनच होता.

"चला की," विमावाले म्हणाले.

"दहा मिनिटं."

"अहो, सगळे गेले. मी मोजले."

"मीही मोजले. नर आठच गेले."

आम्ही उभेच राहिलो. सातव्या मिनिटाला गवतातून नववा उठला आणि गेला. त्यानंतर त्याने पुन्हा घड्याळ लावले आणि पुन्हा दहा मिनिटे मोजली. मग त्याने कडी काढली.

व्हॅन त्याने नेहमीच्याच वेगाने चालवली. त्याचे घर विमानतळाच्या वाटेवरच होते, बैठे, दोन खोल्यांचे. तो उतरला, पत्नी त्याच्या मागे गेली, म्हणून मीही गेलो. कुलूप काढून त्याने दार ढकलले तर ते खुर्चीला अडले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आई नीट केस विंचरून, कोट घालून बसली होती. दाराची आतली मूठ तिच्या मांडीवर होती. हातात शिवणाची छोटी कात्री, तिचे टोक वाकलेले. ती तिने कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. तीन स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले होते, चौथा मुठीतच अर्धा अडकला होता. अंगठ्याला रक्त लागून सुकले होते.

तिने मुलाकडे पाहिले. "बरं झालं आलात. केव्हाची वाट बघतेय. तुम्ही कुलूपवाले ना?"

त्याने किल्ली खिशात टाकली. "हो."

"माझा मुलगा बाहेरून लावून गेला वाटतं. वाईट नाही हो तो. जरा विसरभोळा आहे."

"होतं असं कधी कधी."

"त्याला ओरडू नका."

"नाही ओरडत."

पत्नीने तिचा अंगठा धुऊन पट्टी बांधली. त्याने व्हॅनमधून पेचकस आणला आणि दारापाशी गुडघ्यांवर बसून मूठ परत बसवायला घेतली. मूठ तशीच ठेवता आली नसती. गुरुवारी पुढचा गट येणार होता, पुन्हा पहाटे कुलूप लावून निघायचे होते. म्हातारी उठून त्याच्याजवळ उभी राहिली आणि कट्ट्यावरचे स्क्रू एकेक करून त्याच्या हातात देऊ लागली. शिवणाऱ्या बाईचा हात तो, तीनही स्क्रू तिने बरोबर बाजूने पुढे केले.

"घट्ट बसवा," ती म्हणाली. "परत कोणी अडकायला नको."

तो पिळत राहिला. चौथा बसल्यावर तिने स्वतः मूठ दोनदा ओढून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मग त्याने तिला धरून व्हॅनपर्यंत आणले. पुढच्या सीटवरचे विमावाले न सांगता मागे जाऊन बसले.