डोळा न मिटलेला गोलकीपर

माझ्या गाडीच्या डिकीला अजून त्याच्या ओल्या पॅडचा वास येतो; त्या वासाने उंटसुद्धा रस्ता बदलेल. आमच्या आइस हॉकी टीमचा गोलकीपर रत्नागिरीचा, पोटापाण्याला एसी मेकॅनिक. ऑगस्टातल्या त्या शुक्रवारी बाहेर डांबर उकळत होतं आणि आखातातल्या आमच्या हूरा वस्तीतले अर्धे एसी बंद पडले होते. सलग दोन शिफ्ट करून तो सकाळी थेट बर्फाच्या रिंकवर आला. हरलो तर रिंकवरची आमची शुक्रवारची वेळ दुसऱ्या टीमला जाणार होती, म्हणजे आमची टीम खलास. शेवटचं मिनिट उरलं, आम्ही एका गोलने पुढे, आणि समोरच्याने तोफ डागावी तसा फटका मारला. आमचा गडी गोलच्या खांबाला टेकून उभा, जागचा हलला नाही. चकती त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेली. सगळे नाचायला लागले. मी मिठी मारायला गेलो, तर मुखवट्याच्या जाळीआड हा घोरतोय. "भाई, उठ, जिंकलो आपण." "किती वाजले?" म्हणाला, आणि काय झालं ते कळल्यावर हळूच, "कुनाला बोलू नको हां." आता गुडघे संपले म्हणून तो खेळ सोडून कायमचा गावी चाललाय. परवा निरोपाला प्रत्येकाने आवडती आठवण सांगितली, आणि प्रत्येकाची हीच: काय थंड डोक्याचा माणूस. माझी पाळी आली तेव्हा त्याने दमलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर फुकटच्या थापा मारून मीही थकलोय, तरी उभा राहिलो. म्हणालो, "मी अगदी जवळून पाहिलंय. डोळा मिटला नव्हता त्याने."