तीन दिवसांच्या पळण्यावर बेचाळीस किलोमीटर

माझ्या नणंदेच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, तेव्हा तिने घर असं डोक्यावर घेतलं, जणू पायच कापला आहे. ती बँकेत काम करते, माझ्यापेक्षा थोडी लहान, आणि रोज पळायची. रोज म्हणजे अंगात कणकण असली तरी. हाड जुळल्यावर डॉक्टरांनी आठवड्यातून तीनच दिवस पळायला परवानगी दिली. तिने तर आपल्या मैसूरच्या पूर्ण मॅरेथॉनला आधीच नाव दिलेलं. तीन दिवसांच्या पळण्यावर बेचाळीस किलोमीटर झाले नाहीत तर कायमचं पळणं सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि ती ठरवलेलं करते.

माझ्याकडे ती आली, कारण मी पहिल्यापासून तीनच दिवस पळते. त्यात तत्त्व वगैरे नाही. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि सासूबाईंना सकाळी एकटं ठेवता येत नाही. उरतील ते दिवस माझे. तेवढ्यावर मी अर्धी मॅरेथॉन बरी पळते.

"अर्ध्यापर्यंतची खात्री देते," मी म्हटलं. "पुढचं मलाही माहीत नाही."

"अय्यो वैनी, जरा धीर तरी दे!"

"धीर तुझी आई देईल."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाटेवरून म्हणाल्या, "एवढं पळून येता कुठं? परत घरीच ना? सुम्ने बसा की दोघी."

सुम्ने म्हणजे उगी, गप्प. ती तशी बसणारी असती तर प्रश्नच नव्हता.

मी सांगितलं ते साधं होतं. एक दिवस कुक्करहळ्ळी तलावाभोवती सावकाश, एक दिवस थोडंच पण जोरात, आणि रविवारी रिंग रोडने लांब, तेही सावकाश. तिने तिन्ही दिवस जीव खाऊन पळायला सुरुवात केली. तीनच तर मिळतात, मग सावकाश पळून वाया का घालवायचे, हा तिचा हिशोब. कमी पळणारा प्रत्येक माणूस ही चूक करतो. मी तिला माझ्या शेजारून, बोलत पळायला लावलं. बँकेच्या मॅनेजरच्या कागाळ्या सांगताना तिला दम लागला की वेग जास्त आहे, असं आमचं माप. मॅनेजर कामी आला.

एका मंगळवारी, पळायचा दिवस नसताना, मी दूध आणायला गेले तर ती ओल्या केसांनी, टॉवेल गळ्यात टाकून तिच्या घराच्या गेटपाशी उभी. बूट चिखलाने माखलेले.

"पळून आलीस?"

"थोडंसं. घड्याळ लावलं नव्हतं, वैनी. म्हणजे ते मोजायचं नाही."

"हाडाला सांगितलंस का तसं?"

ती हसली, आणि मग एकदम तिचे डोळे भरले. "घरात बसले की वाटतं, सगळं उतरून चाललंय. दम, पाय, सगळं. तुला नाही कळणार, तुझं कधी जास्त नव्हतंच."

खरंच होतं ते. मी रागावले नाही. तिला सायकल दिली आणि मधल्या दिवशी बँकेत त्यावरून जायला सांगितलं. दम टिकतो आणि नडगीवर आदळआपट होत नाही. डोंगराच्या बाजूचा चढ तिने मुद्दाम वाटेत घेतला, पण सायकलवर होता म्हणून मी काही बोलले नाही.

स्पर्धेत पूर्णवाल्यांना एकच फेरा दोनदा होता. माझी अर्धी म्हणजे एकच फेरा, तो आम्ही एकत्र पळलो. मी थांबले, ती पुढे गेली, छान गेली. मी केळं खाल्लं, बूट सैल केले आणि दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटच्या टप्प्यावर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती आली. पळत होती, पण पाऊल उचलतच नव्हतं.

"नडगी?"

"नाही. मांड्या. दगड झाल्यात. तिसाव्या किलोमीटरपर्यंत काही नव्हतं."

"मग चाल."

"मी शर्यतीत कधी चाललेली नाही. पुढे सगळे उभे आहेत, दादा, मावशी..."

"चाल, नाहीतर थांब. असं ओढत राहिलीस तर ते हाड पुन्हा जाईल."

ती रडवेली होऊन चालायला लागली. मी पदपथावरून सोबत चालले. नातेवाइकांच्या घोळक्यापाशी तिने मान खाली घातली. मावशी ओरडल्या, "चालतेय ती! लवकर, बेगा, बेगा!" नणंदेने मान वर करून उत्तर दिलं, "तुम्ही या की खाली रस्त्यावर, मावशी, बघू!" लोक हसले. मग थोडं पळणं, थोडं चालणं, असं करत ती पोचली. तिच्या जुन्या वेळेपेक्षा खूपच उशिरा, पण वेळेच्या मर्यादेत.

माझ्या मते आठवड्याच्या तीन दिवसांच्या पळण्याने तिला तिसापर्यंत नेलं. त्यापुढचं अंतर चालायची लाज सोडल्यामुळे मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. रस्त्यावरून आमच्या अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या तिने कठड्याला धरून, उलट्या पावलांनी उतरल्या. खाली येऊन नडगी अंगठ्याने जोरात दाबली, वरपासून खालपर्यंत. दुखत नव्हती. पुन्हा दाबली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "चालायचं आधीच ठरवून ठेवू या. विसाव्यापासूनच, थोडं थोडं. मग मांड्या राहतील."

मी चहाचं आधण वाढवलं.