स्वयंपाकघरातली नऊ इंची भिंत

भट्टीवालीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर कधी लावावा लागला नाही. उठायची, तोंडावर पाणी मारायची, आदल्या दिवशीचा गार भात चार घासांत संपवायची, लेकीचं सरकलेलं पांघरूण सारखं करायची आणि बाहेर पडायची. साडेचारला ती वीटभट्टीच्या माथ्यावर उभी असायची.

माथ्यावरचं काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. खाली हजारो विटा रचलेल्या, त्यांवर राखमातीचा थर, त्या थरात ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकावर लोखंडी झाकण. आकड्याने झाकण उचलायचं, आत आगीचा रंग बघायचा, लहान फावड्याने बेताचा कोळसा सोडायचा. लाल दिसली तर जास्त, पिवळी दिसली तर थोडा, पांढरी दिसली तर काहीच नाही, झाकण ठेवून पुढे. चुकलं तर विटा कच्च्या राहतात, नाहीतर वितळून एकमेकींना चिकटतात. पायात लाकडी तळाच्या चपला लागतात. साध्या चपला अर्ध्या तासात मऊ पडतात. असे रोज आठ तास, आणि अशी अकरा वर्षं. तिच्याआधी तिथे पुरुषच आग राखत. तिने काम मागितलं तेव्हा मुकादम हसला होता. महिन्याभरात त्याचं हसू थांबलं आणि लोक तिला भट्टीवाली म्हणू लागले.

आठवड्याची मजुरी ती घरी आणून डब्यात टाकायची. त्यातून वाणसामान यायचं, लेकीची वह्यापुस्तकं यायची. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, पण ट्रॅक्टरचं काम पीकपाण्यावर. घर चालायचं ते हिच्या जिवावर, हे तिला ठाऊक होतं आणि बाकीच्यांनाही ठाऊक असावं असं तिला वाटायचं.

पण घर एक, स्वयंपाकघर एक, चूल एक, आणि त्या चुलीपुढे थोरली जाऊ.

थोरलीचा नवरा दूर धरणाच्या कामावर, वर्षातून दोनदा घरी. मुलं मोठी होऊन बापाच्या मागे गेलेली. राहिली ती, तिची चूल आणि धाकटीची ही नऊ वर्षांची पोर. पोरगी थोरलीला मोठी आई म्हणायची. सगळीकडे म्हणतात तसंच. पण रोज ऐकताना भट्टीवालीच्या कानात काहीतरी टोचायचं. ती मोठी, मग मी कोण? मी नुसती आई.

थोरलीच्या हाताला चव होती, हे नाकारून चालणार नव्हतं. डाळ, भात, घेवड्याची भाजी, बटाट्याचा रस्सा. यापलीकडे त्या घरात काही शिजायचं नाही, पण तेच खायला शेजारीही निमित्त काढून डोकावायचे. भट्टीवाली दुपारी एकला घरी यायची, अंगावरचा कोळसा धुवायची आणि जेवून पडायची. चारला जाग यायची ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. पोरगी शाळेतून येऊन थोरलीपुढे बसलेली असायची. हातात शेंगा, तोंडाचा पट्टा चालू. बाई काय म्हणाल्या, मैत्रीण का रुसली, कोणाच्या डब्यात काय होतं. भट्टीवाली दारात आली की पट्टा थांबायचा.

"काय गं, काय चाललं होतं?"

"काही नाही, आई. तू झोप ना अजून."

तू झोप ना! लेकीचं हे समजूतदार बोलणं तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

जेवायला बसलं की थोरली आधी तिचं ताट वाढायची. "दमून आलीस, तू आधी घे." पाहुणीला वाढावं तसं. पोरगी मात्र वाडगा पुढे सरकवून थोरलीशी भांडायची. "यात कांदा जास्त झालाय. मला नको." "नको तर नको, तसाच ठेव, मांजर खाईल." "मांजरालाही नको!" दोघी हसायच्या. भट्टीवाली खाली मान घालून जेवायची आणि पोटात दुखायचं ते अन्नाने नव्हे.

मग पोरीला ताप आला. भट्टीवालीने दोन दिवस खाडा केला. अकरा वर्षांतला हा तिसरा खाडा. थोरलीला तिने चुलीपुढून उठवलं, "तुम्ही बसा जाऊबाई, आज मी बघते," आणि स्वतः पातळ भात शिजवला. पोरीने दोन चमचे घेतले.

"छान झालाय, आई."

"मग खा ना."

"नंतर खाते." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

तासाभराने भट्टीवाली पाणी भरून आली तर थोरली खाटेजवळ बसलेली, आणि पोरगी तिच्या हातातल्या वाटीतला भात खाताखाता कुरकुरत होती. "मीठ कमी आहे. दर वेळी तू मीठ विसरतेस." बघता बघता वाटी चाटूनपुसून साफ झाली.

भट्टीवालीने हंडा इतक्या जोरात खाली ठेवला की अर्धं पाणी जमिनीवर गेलं. मीठ तिच्याही भातात कमीच होतं. हे तिने नंतर चाखून पाहिलं. पोरीने तिला सांगितलं नव्हतं. लोक परक्याला सांगत नाहीत.

त्या आठवड्यात तिने नवऱ्याला सांगितलं, "मी वेगळी चूल मांडणार. स्वयंपाकघरात मधोमध भिंत घालणार."

नवरा टायरचा चिखल काढत होता. "का? भांडलात?"

"नाही."

"भांडला असतात तर बरं झालं असतं. चार दिवसांत मिटलं असतं." त्याने थोडा विचार केला. "भिंत घालून काय होणार? पोरीला पाय आहेत की."

"तुला काय कळतंय? तुला वाढलं की तू खातोस."

"ते खरं आहे," नवरा म्हणाला आणि पुन्हा टायरकडे वळला.

थोरलीला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "घाल. खिडकी तुझ्या बाजूला जाईल. मी दिवा लावत जाईन." ती भांडली असती तर भट्टीवालीला हलकं वाटलं असतं. पण जळणाऱ्याला वाराही घालायला कोणी नसलं तरी आग आतल्या आत चालतेच. खिडकी आपल्याकडे येणार याचाही तिला आनंद झाला, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

विटा फुकट होत्या. भट्टीत आगीच्या फार जवळ राहून वाकड्या, काळपट झालेल्या विटा गिऱ्हाईक घेत नाही. कामगाराने न्याव्यात, मालक काही म्हणत नसे. भट्टीवाली पाळी संपली की बारा विटा डोक्यावर घेऊन घरी यायची. दोन मैल. रोज बारा, आठवड्याचे सहा दिवस, अडीच महिने. साडेसातशे झाल्या. मानेवर पडलेला घट्टा नंतर कधी गेला नाही.

गवंड्याने विटांचा ढीग बघितला. "आडभिंतच आहे ना? चार इंची पुरे. अर्ध्या विटांत होईल."

"नऊ इंची घाल."

"वर काय माडी चढवताय?"

"तू घाल."

चार दिवसांत भिंत उभी राहिली. विटा वाकड्या, त्यामुळे भिंतीने चुना-वाळू जास्त खाल्ली, आणि आढ्याखाली हातभर फट राहिली कारण विटा संपल्या. गवंडी म्हणाला, आणखी शंभर आण. तिची मान नाही म्हणाली. तसंच राहिलं.

चूल तिने स्वतः बांधली. उरलेसुरले तुकडे, चिखल आणि अकरा वर्षांचं ज्ञान. हवा कुठून घ्यायची, धूर कुठून सोडायचा, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. खालून वारा खेचणारी, मागून धुराडं असलेली चूल. काडी लावली की फडाफड पेटायची, धुराची रेघही घरात नाही. थोरलीच्या बाजूला अजून डोळे चोळणं चालू होतं. भट्टीवालीने पहिल्या दिवशी मुद्दाम दार उघडं ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. विटा भाजायला जी चूल चांगली, ती डाळ शिजवायला चांगली नसते. तिच्या चुलीला मंद हा शब्दच माहीत नव्हता. भात वरून कच्चा आणि खालून कोळसा. भाजी पाणी घालीपर्यंत चिकटायची. ती आणखी लक्ष द्यायची, जाळाचा रंग बघायची, रंग उत्तम असायचा, आणि भांडं करपायचं.

पोरगी आता संध्याकाळी तिच्याकडे जेवायची. तिने तसं बजावलंच होतं. पोरगी बसायची, जेवायची, ताट धुवून ठेवायची.

"कसं झालंय?"

"छान."

थोरलीकडेही ती शाळेतून आल्यावर जायची, अंगणातून वळसा घालून. एकदा भट्टीवालीने भिंतीच्या फटीखाली उभं राहून कान दिला. थोरलीने विचारलं, "भाजी देऊ का थोडी?" आणि पोरगी म्हणाली, "नको, मोठी आई. छान असेल, पण पोट भरलंय."

भट्टीवाली भिंतीपासून मागे झाली. हे तिला हवं होतं, हेच तर अडीच महिने डोक्यावरून वाहून आणलं होतं. पोरगी थोरलीपासून तुटावी. तुटली. पण इकडे जोडली गेली नव्हती. आता ती दोन्हीकडे पाहुणी झाली होती. नऊ वर्षांची पोर, एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना शहाण्यासारखी वागत होती. कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

असे तीन आठवडे गेले. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी भट्टीवालीने डाळ चढवली. पोरगी पाटावर बसून वहीत काहीतरी काढत होती. डाळीला उकळी आली, मग खदखद, मग तो वास, आधी बारीक, मग घर भरून.

भिंतीच्या वरच्या फटीतून आवाज आला. "धाकटे, करपतंय!"

"मला कळतंय!" भट्टीवाली ओरडली.

"कळतंय तर लाकडं मागे ओढ ना!"

"ओढली!"

"सगळी ओढ! डाळ आहे ती, विटा नाहीत!"

"तुम्ही तुमचं बघा, जाऊबाई!"

"माझं बघतेच आहे. नाक तर बंद करता येत नाही! खालचं तोंड बुजव, राख घाल, वारा तोड वारा!"

भट्टीवालीने फडक्याने पातेलं उचललं, हात भाजला, पातेलं जमिनीवर आपटलं. शिवी तोंडातून गेली ती फटीतून पलीकडे गेली. पलीकडून थोरली म्हणाली, "अगंबाई! भट्टीवर हेच शिकवतात वाटतं?"

पोरगी हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग वही खाली टाकून, मग उचक्या लागेपर्यंत. भट्टीवाली भाजलेला हात पाण्यात धरून तिच्याकडे बघत राहिली. हसणं थांबलं तेव्हा तिने उरलीसुरली डाळ वाडग्यात ओतून पोरीपुढे ठेवली. सवयीने विचारलं, "कसं झालंय?"

पोरीने एक घास घेतला. तोंड वाकडं केलं. वाडगा पुढे सरकवला.

"घाण. मी नाही खाणार हे. रोजच करपतं, आई. रोज."

भट्टीवाली वाडगा घेऊन चुलीपाशी गेली आणि तिने करपलेली डाळ परत पातेल्यात ओतली. मग फटीकडे तोंड करून ओरडली, "जाऊबाई, थोडी डाळ द्या. ही पोरगी खात नाहीये."

"अंगणातून पाठव तिला."

"मीच येते."

थोरलीकडे भर सकाळी दिवा लावलेला होता. तिने डाळ वाटीत ओतली आणि वाटी धरूनच ठेवली. "एक सांगू? भिंत उभी राहिली त्या दिवशी मला वाटलं, गेली पोरगी. तुझ्याकडे काय नाही? आगीवर चालतेस. शाळेतून आली की बसून तुझंच सांगायची. माझी आई रंग बघून सांगते, माझी आई लाकडी चपला घालते. मी डाळ ढवळायची आणि तुझं कौतुक ऐकायचं. रोज. मला काय दगडाचं काळीज आहे?"

"माझं सांगायची? मग मी आले की गप्प का व्हायची?"

"तुझ्या तोंडावर तुझं कौतुक कशी करेल? लाजते ती."

भट्टीवालीने वाटी घेतली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याबरोबर असंही वाटलं की हे सगळं थोरलीने ऐकलं, मी नाही. हेवा जुना होता, एका वाटीभर डाळीने जाणारा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात तिने गवंड्याला परत बोलावलं. "इथे दार काढ."

गवंड्याने छिन्नी लावली, हातोडा मारला. ठिणगी उडाली. त्याने पुन्हा मारला. कपचीसुद्धा निघाली नाही. "ह्या विटा निवडल्या कोणी?"

"मी."

"मग तुम्हीच फोडा."

जास्त भाजलेली वीट वाकडी असते, पण चांगल्या विटेपेक्षा कितीतरी टणक. हे भट्टीवर तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि भिंत घालताना याचाच विचार तिने केला नव्हता, किंवा केला होता. भिंत घालायला चार दिवस लागले होते. दाराएवढं भोक पाडायला सहा. दोन छिन्न्या मोडल्या. शेवटचे दोन दिवस पाळी संपवून आल्यावर तिनेच हातोडा धरला, कारण गवंड्याचं मनगट सुजलं होतं. सुताराने चौकट बसवली. वाकड्या विटांमुळे ती सरळ बसेना, एका बाजूने दोन बोटं फट राहिलीच.

थोरलीने अर्धा खर्च देऊ केला. भट्टीवालीने घेतला नाही.

"भिंत माझी होती, तर भोकही माझंच."

"कडी कुठल्या बाजूला लावू?" सुताराने विचारलं.

दोघी जावा एकदमच बोलल्या, आणि दोघींनी आपापलीच बाजू सांगितली. सुताराने हात जोडले आणि कडी लावलीच नाही.

हंगामाच्या शेवटच्या पाच आठवड्यांची मजुरी अशी गेली: गवंडी, दोन छिन्न्या, चौकट आणि एक बिनकडीचं दार. पोरगी त्या दारातून हातात ताट घेऊन ये-जा करायची. इकडे आईला सांगायची, करपलंय. तिकडे मोठ्या आईला सांगायची, मीठ नाही.