सैल टाका

टेलरमामांना दिसत नव्हतं, तरी माझ्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवरून बोट फिरवून त्यांनी निकाल दिला होता, "डाक्टरीणबाई, ज्यानं हा शिवला त्याले लय घाई होती." ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याला डोळ्यांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर होते. मामा केळझरचे शिंपी. एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. दुसऱ्यात गव्हाचं कुसळ लागून फूल पडलेलं.

कुण्या मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा सरांनी त्या डोळ्याला शिवला. केसाहून बारीक नायलॉनचे सोळा टाके. मामांच्या चौकशा संपेनात. "एकच दोरा फिरवला, का सुटे टाके?" सुटे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. "बरं केलं. एक उसवला तरी बाकीचे धरून राह्यतेत." मग मीही शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, हे कच्चे टाके. कापड बसलं की काढायचे."

दिसू लागलं, पण दाराची चौकट वाकडी दिसायची. काही महिन्यांनी सरांनी जास्त ताणलेले दोन टाके काढले आणि चौकट बरीचशी सरळ झाली. मामा तिथंच रडले. "आता सुईत दोरा ओवता येईन न जी?" त्यांना तेवढंच हवं होतं. बाकीच्या टाक्यांसाठी आम्ही पुढची तारीख दिली.

तारखेच्या आधीच ते बायकोचा हात धरून आले. डोळा लालभडक, शिवणीवर पू. मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "पाहा, अख्खा काढला, तुटू नाई देला. सैल होऊन टोचून राह्यला होता. सैल धागा आमी कपड्यात ठेवत नाई." काजं-बटणं करणाऱ्या बायकोनं तो नखानं ओढला होता. गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी ती उभा जन्म हेच करत आली होती.

दर तासाला थेंब घातले. पडदा पांढरा होत गेला आणि एके सकाळी मामांना बॅटरीचा उजेडही कळेना. पुन्हा शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाई, माह्याच हातानं गेला न वं," मामी व्हरांड्यात म्हणाली. तिला ते सुचवलं कुणी, हे मला ठाऊक होतं; 'कच्चे टाके' म्हणणारी मीच. ते तिला सांगायला मी धजले नाही. मी भित्री निघाले, आजही आहे.

निघताना मामांनी माझा हात चाचपला. बोट बाहीवर थांबलं. "शिवण सुटली हाय, डाक्टरीणबाई. कोणाकडून तरी टाका घालून घेजा."