बसून पाहिलं तेव्हा हललेलं पाणी

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, सेनगाव तालुक्यातल्या एका गावाचा पाण्याचा टँकर नामंजूर झाला. गावच्या पाझर तलावात पाणी आहे, असं कारण फाइलीत नमूद होतं. तलाव कोरडा होता. फाइलीला वर्तमानपत्राचं एक कात्रण जोडलेलं होतं. ती बातमी मी दिली होती.

टंचाईच्या आढाव्यासाठी भर दुपारी मी त्या रस्त्यानं जीपमधून गेलो होतो. तलावात दूरवर पाणी चकाकत होतं. पलीकडच्या बाभळी त्यात उलट्या दिसत होत्या. मी उतरलो नाही. 'तलावात अद्याप पाणी' एवढंच लिहिलं आणि पुढच्या गावाकडे गेलो.

गावच्या विहिरीनं तळ गाठला होता. बायका दीड कोसावरच्या एका बोअरवर जात होत्या, आणि तोही अर्धा तास चालून बंद पडत होता. गावानं फेरपाहणी मागितली. फेरपाहणीच्या दिवशी मीही गेलो.

अधिकारी दुपारी आले. जीप तलावाच्या काठावर थांबली. त्यांनी समोर पाहिलं.

"हे काय, दिसतंय की पाणी."

"साहेब, ते पाणी न्हाई," गावकरी म्हणाले. "चला, पायी जाऊन दाखवतो."

"अजून तीन गावं आहेत मला. डोळ्यांना दिसतंय ते खोटं का?"

काठावरच्या बाभळीखाली मेंढ्या-शेळ्यांचा कळप बसला होता. कळपाची मालकीण, पन्नाशीची बाई, काठी टेकत पुढे आली.

"चालू नका साहेब. नुसतं खाली बसा."

"कशाला?"

"बसा तं खरं. मी रोज बसते. बसल्याबिगर कळप वळवत न्हाई."

अधिकारी पँटकडे पाहत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पँट धुता येते." लोक हसले. बाई माझ्याकडे वळली. "पेपरवाले, तुमी बी टेका. तुमी तं पयलेच बसायला पाहिजे व्हतं."

आम्ही दोघंही मातीत बसलो. पाण्याची कड सरकत जवळ आली.

"आलं ना जवळ? आता उठा."

उठलो. कड मागे गेली.

"आता गाडीवर चढा."

अधिकारी बॉनेटवरून जीपच्या टपावर चढले. पाणी नाहीसं झालं. काठापासून काठापर्यंत भेगाळलेली माती होती.

"खरं पाणी माणसाच्या उठण्या-बसण्यानं हलतं व्हय?" बाईनं खालून विचारलं. "हे हलून राहिलं."

अधिकारी उतरले आणि स्वतःहून पुन्हा मातीत बसले. या वेळी त्यांनी ड्रायव्हरला पुढे पाठवलं. बसल्या जागेवरून ड्रायव्हर गुडघाभर पाण्यात उभा दिसत होता. तो ओरडला, "साहेब, इथं नुसती ढेकळं!"

नंतर मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा वाचला. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते. आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश त्या थरांत वाकत जातो आणि अखेर जमिनीला न टेकताच पूर्णपणे वर परततो. जमिनीवर आकाशाचा तुकडा दिसतो. आपण त्याला पाणी समजतो. मात्र नजर जमिनीला जवळजवळ समांतर असेल, तरच हा परतलेला प्रकाश डोळ्यांत येतो. डोळा खाली आणला की हा प्रकाश जवळच्या जमिनीवरूनही येतो. वर नेला की फक्त लांबच्या जमिनीवरून, आणि तलाव तेवढ्या लांबपर्यंत पसरलेलाच नसतो. धड्यात आकृती होती. डोळा वर-खाली केला तर काय होतं, हे त्यात नव्हतं. बाईला शाळा ठाऊक नव्हती. खोट्या पाण्यामागे उगीच कोसभर चालवलेली मेंढरं उन्हात बसकण मारतात, एवढ्या अनुभवावर तिनं हे शोधलं होतं.

पंचनामा बॉनेटवर लिहिला गेला. 'तलाव पूर्ण कोरडा' हे शब्द अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवले. काठावर एकच गलका झाला. बायकांनी रिकाम्या घागरी वाजवल्या. कळप बिथरून उठला. पंचांमध्ये बाईचा अंगठा सगळ्यात आधी उमटला.

"आता छापा," ती मला म्हणाली. "बसून पाह्यलं म्हणून छापा."

दुरुस्तीची बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली. 'बसून पाहिले' हे शब्द तिच्यात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर गावात आला आणि विहिरीत रिकामा झाला. दुपारी दुसरी खेप आली.