टबाखालचा चौथरा

सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेली असले तरी नवऱ्याकडे बघून म्हणत, "तिले सांग." टबाचा विषय निघाला त्या दिवशीही तसंच झालं.

स्कूटीवरून पडल्यापासून माझी कंबर धरली होती. कामठीच्या शाळेत दिवसभर उभ्यानं शिकवायचं आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला उभं राहायचं. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, तेव्हा मी हॉट टब घ्यायचं ठरवलं. जागा मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत. तिथं वीज जवळ होती आणि पाणी नालीत सोडता येत होतं.

नेमकी तीच जागा सासऱ्यांची. थंडीत दुपारचं ऊन तिथंच येतं, आणि ते मित्रांना घेऊन तिथं पत्ते कुटत बसत.

"नागपुरात लोक उन्हानं भाजून राहिले अन् हिले गरम पाणी पाहिजे! तिले सांग, माह्या उन्हाच्या जागेले हात लावायचा नाही."

"ऊन गच्चीवरही येतं, बाबा," मी म्हणाले.

"अन् गच्चीवर चढू कसा? गुडघे कोणाचे आणू?" हेही ते नवऱ्यालाच म्हणाले.

मला त्यांच्या गुडघ्यांची दया आली नाही. माझ्या कमरेची चौकशी त्यांनी एकदाही केली नव्हती.

नात्यातल्या एका लग्नासाठी उमरेडला निघताना सासरे दारात थांबले. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, मातीचं त्यांना कळत होतं. "काळी माती हाय ती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बांध म्हणा तिले. टब एक दिवस नालीत लोळन." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

ते गेले आणि मी मिस्त्री बोलावला. तो वरवर खरवडून काँक्रीट टाकायला निघाला होता. मी म्हटलं, काळी माती पूर्ण काढा, खाली मुरूम लागेपर्यंत. भरलेल्या टबाचं वजन मोटारीएवढं होणार होतं. तो कुरकुरला, पण त्यानं खोदलं. खड्ड्यात मुरूम भरून पाणी मारलं, धुमसानं ठोकून ठोकून दाबलं, वर गिट्टी पसरली, सळयांची जाळी बांधली. सासऱ्यांनी मला डिवचायला जे सांगितलं होतं, त्यावरच माझा चौथरा उभा राहत होता. याचं मला फार समाधान वाटत होतं.

काँक्रीट टाकलं त्याच संध्याकाळी ते परतले. मिस्त्री नुकताच गेला होता. सासरे मागच्या दारातून बाहेर आले, बघितलं, आणि चप्पल घालून सरळ ओल्या काँक्रीटवरून पलीकडच्या खुर्चीकडे चालत गेले. कडेनं जायला भरपूर जागा होती.

"बाबा, ओलं आहे ते!" नवरा ओरडला.

"माह्या अंगणात मी चाललो."

मी थापी उचलली आणि गुडघ्यांवर बसले. कमरेतून कळ मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "दे, मी करतो."

"तू आत जा."

चपलांचे ठसे खोल रुतले होते. एकेक भरत, घोटत मी पुढं सरकत होते. सासरे खुर्चीत बसून बघत होते. मग त्यांनी बोट दाखवलं.

"एक राहिला वं तिकडं."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मी मान वर केली नाही. तोही ठसा बुजवला.

पुढचे काही दिवस मी गोणपाट टाकून चौथऱ्यावर पाणी मारत राहिले. शाळेत निघताना मागच्या दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली पर्समध्ये टाकायचे. त्यावरूनही घरात भांडण झालं. मग टब आला, भरला. पावसाळा गेल्यावर एकदा सासरे वाकून चौथऱ्याच्या कडा बोटानं चाचपताना मला खिडकीतून दिसले. भेग कुठंच नव्हती. ते तसेच आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मीही दुसऱ्यांदा जेवायला विचारलं नाही.

कंबर आता पुष्कळ बरी आहे. सासऱ्यांचे पत्ते फाटकापाशी हलले आहेत, रस्त्याच्या धुळीत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, "मांगं जाऊ नका गा, ते सूनबाईचं राज्य हाय." लोक माझ्याकडे बघतात, जणू मीच सासऱ्यांना तिथून हाकललं. मी कुणाचाच गैरसमज दूर करत नाही.